द्यूत आणि समाह्वय

४ मे १९६३ रोजी सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबावर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा तेथे काही मंडळी पैसे लावून रमी खेळत बसली होती. क्लबाच्या चालकांसह खेळणाऱ्यांवर खटला भरण्यात आला. कायदा निजामाच्या अमदानीतला, म्हणजे फसली सन १३०५ चा हैदराबाद जुगार कायदा. संस्थान विलीन होऊन पंधरा वर्षे लोटली होती, परंतु कायद्यांच्या पुस्तकांत निजाम अजून हयात होता! मॅजिस्ट्रेटाने आरोपींना दोषी ठरविले, हायकोर्टाने त्यांना सोडून दिले, आणि राज्य सरकार प्रकरण घेऊन थेट दिल्लीला गेले. नोव्हेंबर १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने न्या. हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. तीन पत्ती हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे. रमीत मात्र पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते पान धरावे आणि कोणते टाकावे याचा विचार करावा लागतो, म्हणून ती प्राधान्याने कौशल्याची ठरते, असा त्या निकालाचा आशय. आरोपी सुटले.

आमच्या पिढीतील हैदराबादकरांपैकी हा निकाल प्रत्यक्ष वाचलेले थोडे. पण त्याचा हवाला ऐकला नाही असा माणूस विरळा. दिवाळीत पत्त्यांचा डाव मांडला आणि घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या, की कोणीतरी सुप्रीम कोर्टाचे नाव घेणारच. त्याच निकालाच्या अखेरीस न्यायमूर्तींनी एक इशारा दिला होता. क्लबाचा मालक जर पैशाच्या खेळातून स्वतः नफा उपटत असेल, तर रमी झाली तरी गुन्हा शाबीत होऊ शकतो, असा तो इशारा. त्याचा हवाला मात्र सहसा कोणी देत नसे. पुढील पन्नास वर्षांत जे काही घडले, त्याचे मूळ या विसरण्यात आहे असे आम्हांस वाटते.

नशीब की कौशल्य, हा प्रश्न न्यायालयांनी निर्माण केलेला नाही. वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नलाची कथा सांगतो, तिच्यात तो स्पष्टपणे आलेला आहे. पुष्कराशी खेळताना नलाचे फासे सारखे उलटे पडतात, तो राज्य हरतो, आणि पुढे ऋतुपर्णाच्या पदरी सारथी म्हणून राहतो. ऋतुपर्ण त्याला अक्षविद्या देतो व नल त्याच्या बदल्यात अश्वविद्या देतो. ही विद्या हस्तगत झाल्यावर नल परत येऊन एकाच डावात राज्य जिंकतो. कथाकाराच्या लेखी फाशांत शिकण्यासारखे काही होते, हे उघड आहे. कथा संपताच बृहदश्व युधिष्ठिरालाही ते अक्षहृदय शिकवितो. तोवर सर्वस्व गेलेले होते, हा भाग निराळा. सभापर्वातली आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या डावात पण लावणारा दुर्योधन होता आणि फासे टाकणारा शकुनी. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळावे हे युधिष्ठिराला विषम वाटते आणि तसे तो बोलूनही दाखवितो. तरीही खेळायला बसतो. पैसा एकाचा आणि खेळणारा हात दुसऱ्याचा, ही व्यवस्था क्रिकेटच्या काळात प्रथम आली असे मानण्याचे कारण नाही.

स्मृतिकारांनी हा विषय कायदा म्हणून हाताळला. निर्जीव साधनांनी खेळतात ते द्यूत आणि सजीवांना झुंजवून पण लावतात तो समाह्वय, असा भेद मनूने केला, आणि राजाने दोन्ही मोडून काढावीत असे सांगितले. त्याच्या दृष्टीने ही उघडउघड चोरी. कौटिल्य व याज्ञवल्क्य अधिक व्यवहारी. कौटिल्याने त्यासाठी द्यूताध्यक्ष नेमला, खेळ एका जागी आणला आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेण्याची तरतूद केली. याज्ञवल्क्यानेही खेळ एका देखरेखीखाली चालावा असे म्हटले आहे, आणि त्याचे दिलेले कारण कोणाही पोलीस अधिकाऱ्याला पटेल असे आहे: चोर ओळखू यावेत! चोरीचा पैसा सर्वांत आधी जुगाराच्या अड्ड्यावर येतो, हे त्यास ठाऊक होते. खोटे फासे वापरून वा कपटाने खेळणाऱ्यास डाग देऊन राज्याबाहेर घालवावे, अशी शिक्षाही त्याने सांगितली.

याज्ञवल्क्य स्मृतीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या राजधानीत, कल्याणी येथे लिहिली. हे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण; म्हणजे आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातलेच गाव. समाह्वयाचा अर्थ सांगताना विज्ञानेश्वर मेंढे आणि रेडे यांच्या जोडीला मल्लही घालतो. माणसांच्या खेळावर लावलेला पैसाही त्याने याच नियमाखाली आणला. आखाड्यातला पहिलवान आणि झुंजीतला रेडा हे पैसा लावणाऱ्याच्या दृष्टीने एकच, ही जाणीव सुमारे नऊशे वर्षांपूर्वी आपल्या दख्खनेत लिहून ठेवलेली आहे.

इंग्रजी अमलात ही दृष्टी नाहीशी झाली. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याचे लक्ष अड्ड्यावर होते. अड्डा चालविणाऱ्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि रस्त्यावर खेळणाऱ्यास अथवा पक्षी-जनावरे झुंजविणाऱ्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद. निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळले होते. मुंबई इलाख्याने १८८७ मध्ये स्वतःचा कायदा केला. तेव्हा मुंबईत पावसावर पैजा लागत. पाऊस मोजण्याचे यंत्र हे काही जुगाराचे साधन नव्हे, असे मुंबई हायकोर्टाने १८८९ साली ठरविले आणि पुढल्याच वर्षी सरकारला कायदा दुरुस्त करावा लागला. कायदा वस्तूच्या मागे धावतो आणि पैसा तोवर दुसऱ्या वस्तूवर जाऊन बसतो, हा क्रम तेथून सुरू झाला तो आजतागायत चालू आहे.

घोड्यांच्या शर्यतींना मात्र आरंभापासून मोकळीक मिळाली. महालक्ष्मीचे मैदान १८८३ चे, आमचे मलकपेटचे १८८६ चे. गोरे अधिकारी आणि संस्थानिक ज्या करमणुकीत सामील, ती जुगार कशी ठरणार? पुढे जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मद्रासच्या प्रकरणात घोड्यांची शर्यत कौशल्याची ठरविली. घोडेस्वाराचे व घोड्याचे कौशल्य आम्ही नाकारीत नाही. पण तिकीट काढणाऱ्याचे कौशल्य कोणते, याचे उत्तर आम्हांस त्या निकालातून समाधानकारक मिळाले नाही.

सामान्य माणसाला मलकपेटची गरजही नव्हती. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातले भाव तारेने मुंबईस येत, त्यांच्या आकड्यांवर गिरणगावापर्यंत पैसे लागत. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते आकडे बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले आकडे सुरू केले. चिठ्ठ्या मडक्यातून काढत म्हणून मटका. पुढे पत्ते आले तरी नाव तेच राहिले. 'ओपन' आणि 'क्लोज' हे कापसाच्या बाजारातले शब्द गावोगावच्या पानपट्टीवर पोहोचले. एक रुपयासुद्धा चाले, हेच त्या धंद्याचे बळ. त्याच दशकात, १९६७ मध्ये केरळने आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने स्वतःची लॉटरी काढली. मटक्याला गुन्हा म्हणणाऱ्या सरकारनेच तिकिटे विकावयास घेतली, तेव्हा नैतिक अधिकाराचा प्रश्न लोकांनी विचारला नाही, इतकेच.

मटक्याचे जाळे, तेथील फोन, उधारी आणि तोंडी शब्दावरचा विश्वास, हे सारे क्रिकेटच्या सट्ट्याला आयते उपयोगी पडले. १९८३ च्या विश्वचषकानंतर खेळ घराघरांत शिरला होता. १९९० नंतर उपग्रह वाहिन्यांनी वर्षभर सामने पुरविले. येथे नशीब की कौशल्य हा वाद निरर्थक होता, कारण तिसरीच गोष्ट पुढे आली होती. निकाल विकत घेता येत होता.

१९९७ मध्ये क्रिकेट मंडळाने माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांची एकसदस्य चौकशी नेमली. भारतीय खेळाडूंविरुद्ध पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तीन वर्षे सर्वांनी सुटकेचा श्वास घेतला. ७ एप्रिल २००० रोजी दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचे फोनवरील संभाषण हाती लागल्याचे जाहीर केले, आणि त्यावर प्रथम कोणाचा विश्वास बसला नाही, आमचाही. चार दिवसांत त्याला पदावरून दूर करण्यात आले. न्या. किंग यांच्या आयोगापुढे जे बाहेर आले त्यातला एक सामना नागपूरचा होता. १९ मार्च २००० रोजी हर्शेल गिब्जने वीसपेक्षा कमी धावा काढाव्यात यासाठी त्याला पंधरा हजार डॉलर देऊ केले होते. त्याने ते कबूल केले, मैदानावर उतरला आणि ७४ धावा ठोकल्या. फटकेबाजीच्या भरात त्याला ठरलेल्याचा विसर पडला! दक्षिण आफ्रिका दहा धावांनी जिंकली. त्या दिवशी नागपूरच्या स्टेडियमवर उन्हात बसलेल्या प्रेक्षकांनी उत्तम खेळ पाहिला, हे खरेच आहे. परंतु तो उत्तम ठरावा की नाही याचा सौदा आदल्या दिवसांत होऊन गेला होता, हे त्यांना जूनमध्ये वर्तमानपत्रांतून कळले. क्रोनिए १ जून २००२ रोजी विमान अपघातात मरण पावला.

आमच्या शहराला त्याची झळ अधिक लागली. डिसेंबर २००० मध्ये मंडळाने महंमद अझरुद्दीन यांच्यावर आजन्म बंदी घातली. नोव्हेंबर २०१२ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने ती बेकायदा ठरविली. मधली बारा वर्षे येथील गल्ल्यांत, इराणी हॉटेलांत या एका विषयावर मित्रांत अबोला धरलेला आम्ही पाहिला आहे. निकाल आला, पण त्या वेळी नेमके काय घडले याचे सर्वांना मान्य होईल असे उत्तर त्यानेही दिले नाही.

सट्टा तोवर पुढे गेला होता. आता सामना हरण्याची आवश्यकता नव्हती. अमुक षटकात अमुक धावा एवढ्यावर पैसे लागत. मे २०१३ मध्ये आयपीएलमधील तीन खेळाडूंना दिल्ली पोलिसांनी मुंबईत अटक केली ती अशाच आरोपावरून. कोणते कलम लावावे हाच पोलिसांपुढे प्रश्न होता. त्यांनी लावला तो महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९, जो दिल्लीलाही लागू होता. टोळीयुद्धांसाठी केलेला मुंबईचा कायदा गोलंदाजांवर! जुलै २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. त्याच महिन्यात न्या. लोढा यांच्या समितीने दोन संघांना दोन वर्षे स्पर्धेबाहेर ठेवले. खेळाच्या संस्थेची शिक्षा झाली, फौजदारी शिक्षा झाली नाही. बेळगावच्या वाचकांना कर्नाटक प्रीमियर लीगचे प्रकरण आठवत असेल. २०१९ मध्ये बेळगावच्या नावाने खेळणाऱ्या संघाच्या मालकालाही त्यात अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने सांगितले, की सामना ठरवून खेळणे हा बेशिस्तीचा प्रकार असेल, मंडळ त्यावर कारवाई करू शकेल, परंतु दंडविधानातील फसवणुकीच्या व्याख्येत ते बसत नाही. शेजारच्या श्रीलंकेने यासाठी स्वतंत्र कायदा २०१९ मध्येच केला होता. याज्ञवल्क्याच्या खोट्या फाशांना शिक्षा होती. आमच्या दंडविधानात त्यांना जागा सापडली नाही.

या अवकाशात मोबाईल आला. सिकंदराबादचा तो निकाल पुढे करून रमी आणि काल्पनिक संघांचे खेळ कौशल्य म्हणून विकले गेले, खेळाडूच त्यांच्या जाहिराती करू लागले, आणि चालकाने नफा उपटू नये हा इशारा अर्थातच कोणी वाचून दाखविला नाही. तेलंगण सरकारने २०१७ मध्ये कौशल्याच्या खेळावर पैसे लावणेही जुगारात धरले. ज्या शहरातून रमीला संरक्षण मिळाले, त्याच शहरात ते प्रथम काढून घेतले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा संमत केला व २२ तारखेस राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैशाचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोहोंचा, तो बंद. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड. सुमारे ४५ कोटी लोक वर्षाकाठी वीस हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारी सूत्रांनी त्या वेळी दिला. (सरकारी अंदाज कसे तयार होतात हे आम्ही तीस वर्षे जवळून पाहिले आहे, तरी आकडा याच्या निम्मा धरला तरी लहान नव्हे.) कायद्याला आव्हान देणारे अर्ज त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतले.

याच कायद्यामुळे भारतीय संघाच्या सदऱ्यावर नाव असलेल्या खेळकंपनीचा करार मध्येच संपला. सप्टेंबर २०२५ मध्ये दुबईला आशिया चषकाचे सामने झाले तेव्हा आपले खेळाडू छातीवर केवळ देशाचे नाव घेऊन उतरले. स्पर्धा चालू असतानाच ती जागा पुन्हा विकली गेली. टायर बनविणाऱ्या एका कंपनीने ती घेतली.