उपहुड ते पहुड

लीळाचरित्रात घड्याळ नाही. पण महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचा दिवस त्यात इतका नेमाने येतो की त्यावर वेळ लावून घ्यावी. पहाटे उपहुड, म्हणजे उठणं. मग पूजावसर, विहरण, आरोगण, संध्याकाळची व्याळी आणि रात्री पहुड. इ.स. 1274 च्या सुमारास पैठणला जे घडलं, ते मी याच नेमावर मोजतोय.

उपहुड. सुरुवात आमच्या वऱ्हाडातली. रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून निघालेला गुजरातच्या प्रधानाचा मुलगा रिद्धपूरच्या बाजारात येतो. गोविंदप्रभू, लोकांच्या तोंडी राउळ, तिथे शेंगुळी खात असतात. त्यातलंच एक ते प्रसाद म्हणून त्याला देतात. हाच मुलगा पुढे चक्रधरस्वामी होतो. (दीक्षा म्हटल्यावर होमहवन डोळ्यांपुढे येतं; इथे बाजारातला खाऊ आहे.) पुढची बारा वर्षं सालबर्डीच्या डोंगरात.

पूजावसर. शिकारी कुत्र्यांपुढे पळणारा ससा स्वामींच्या मांडीखाली शिरतो. पारधी मागतात, स्वामी देत नाहीत. शरण आलेल्याला द्यायचं नसतं, एवढंच.

विहरण. गावोगाव हिंडणं, आणि बोलणं मराठीत. बायकांना संन्यास. विटाळ? नाकातून शेंबूड येतो तसाच देहाचा एक स्राव, त्यात कसला आलाय विटाळ! परमेश्वर एकच, बाकी देवतांची भक्ती नको. तिकडे देवगिरीला यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री आपल्या ग्रंथात सुमारे 2000 व्रतं मांडून बसलेला. व्रतामागे दान, दानामागे दक्षिणा. भांडण देवाचं होतं तेवढंच पोटाचंही होतं, असं मला वाटतं.

आरोगण. जेवायची वेळ. पैठणला सभा भरते. हेमाद्री आहे, एकेकाळी स्वामींकडे भक्तीने येणारा सारंगपंडितही आहे. तुम्ही कोण, बायका तुमच्या मागे का, असे प्रश्न होतात. मायताहरी आणि प्रज्ञासागर हे दोघे सभेला तोंडावर सांगतात की हा अन्याय आहे, आणि उठून जातात. बाकीचे बसून राहतात.

व्याळी. स्वामींचं नाक कापतात. लीळाचरित्र ते सांगतं, आणि फार शब्द खर्च करत नाही. पुढे पुन्हा राजाची माणसं मागावर येतात. पंथ स्वामींच्या जाण्याला मरण म्हणत नाही. ते उत्तरापंथे गेले, असं म्हणतो.

पहुड. पाठीशी राजा नाही, मठ नाही. नागदेवाचार्य, महदाइसा आणि बाकीचे शिष्य परत तिथेच येतात, रिद्धपूरला राउळांच्या सेवेत. त्यांच्यातलाच म्हाइंभट ज्याने जे पाहिलं, त्याला गाठून ते विचारतो, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतो, आणि वाजेश्वरीत बसून लिहितो. लीळाचरित्र, मराठीतलं पहिलं गद्य चरित्र, असं उभं राहतं.

मग खिलजीच्या फौजा येतात. पळापळीत म्हाइंभटाची मूळ पोथी हरवते. उरतं ते माणसांच्या तोंडी. पंथातल्या हिराइसेला लीळा मुखोद्गत असतात. तिच्या पाठावरून त्या पुन्हा कागदावर उतरतात. पुढच्या पोथ्या सांकेतिक सकळ लिपीत जातात: अक्षरांची अदलाबदल, किल्ली फक्त पंथातल्यांकडे. बाहेरच्यांपैकी ती पहिल्यांदा उलगडली वि. का. राजवाड्यांनी, विसाव्या शतकात.