वाईट पुस्तके : जाळावीत, टाळावीत की वाचावीत?

वाशिंदला रेल्वे १८५५ सालीच आली. कल्याणहून निघालेला लोहमार्ग येथे येऊन थांबला आणि तो पुढे आसनगावापर्यंत न्यायला १८६० साल उजाडले. आजही येथील कितीतरी माणसे पहाटेची लोकल गाठून मुंबईला जातात आणि दिवेलागणीनंतर परततात. गेल्या पावसाळ्यात स्थानकावर असाच एक गृहस्थ मला भेटला. पंचवीसेक वर्षांपूर्वी, मी नवा धर्मगुरू असताना, तो माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात होता. त्याच्या दप्तरात सापडलेली एक रहस्यकथा मी सर्वांदेखत काढून घेतली होती आणि ती पुन्हा कधी परत केली नव्हती. तो हसत म्हणाला, “फादर, त्यानंतर मी पुस्तक म्हणून हातात धरले नाही.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, परंतु ते वाक्य माझ्या मनातून काही केल्या जाईना. विशेष म्हणजे ते पुस्तक मी स्वतः वाचलेलेच नव्हते.

वाईट पुस्तकांवर वेळ खर्चावा काय, हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथील जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तके आणून सर्वांसमक्ष जाळल्याची हकिगत आहे. त्या पुस्तकांची किंमत पन्नास हजार रौप्य नाणी भरली. या प्रसंगाचा दाखला पुढे अनेकांनी दिला. पण त्यातील एक गोष्ट बहुधा नजरेआड होते. त्या माणसांनी स्वतःची पुस्तके, स्वतःच्या मनाने जाळली होती. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याची पोथी उचलणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

पुढे छपाईची कला आली, पुस्तके स्वस्त झाली आणि धास्ती वाढली. १५५९ साली पोप चौथे पॉल यांनी निषिद्ध ग्रंथांची सूची प्रसिद्ध केली. १६३३ साली गॅलिलिओचा ‘संवाद’ निषिद्ध ठरला आणि तो १८३५ च्या सूचीतून वगळला जाईपर्यंत दोन शतके लोटली. अखेर १९६६ साली पोप सहावे पॉल यांच्या कारकिर्दीत या सूचीचे कायदेशीर बंधनच संपुष्टात आले. ग्रंथ वाईट आहे हे ठरविण्यासाठी कोणालातरी तो वाचावाच लागे, हे सूची करणारेही जाणून होते. चूक वाचण्यात नव्हती. पारख करण्याचे काम मोजक्यांनीच करावे आणि इतरांना ती शिकवूच नये, या समजुतीत ती होती.

ही पारख म्हणजे काय, हे संत इग्नाशियस लोयोला यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते. १५२१ साली पाम्पलोना येथील लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय जायबंदी झाला. अंथरुणाला खिळलेल्या या सरदाराने वेळ घालविण्यासाठी शूर शिलेदारांच्या अद्भुत कथा मागितल्या. घरात तशी पुस्तके नव्हती. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. पूर्वी वाचलेल्या कथांची स्वप्ने आणि नव्या वाचनातून उमटणारे विचार आळीपाळीने मनात येत. दोन्ही गोड वाटत. पण पहिली स्वप्ने ओसरली की मन कोरडे पडे, दुसरे विचार सरल्यावरही समाधान टिकून राही. या अनुभवातूनच आत्मिक प्रेरणांची पारख करण्याची त्यांची शिकवण उगवली. टाकाऊ कथा आधी वाचल्या नसत्या तर तुलना तरी कशाशी झाली असती? तथापि दुसरी साक्षही ऐकली पाहिजे. आविलाच्या संत तेरेसा यांनी लहानपणी अशाच कथा वडिलांपासून लपून रात्रंदिवस वाचल्या आणि पुढे त्याबद्दल मनापासून खंत व्यक्त केली. म्हणजे वाईट पुस्तक निरुपद्रवी असते, असे कोणी समजू नये.

आपल्या भाषेच्या इतिहासात हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो गोव्यात. भारतातील पहिला छापखाना गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात १५५६ साली सुरू झाला. त्याच सुमारास पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने हिंदूंच्या पोथ्या शोधून काढून नष्ट केल्या जात होत्या. एका हाताने पुस्तके छापायची आणि दुसऱ्या हाताने जाळायची, असा तो काळ होता. त्या कृत्याचे समर्थन आज आपण करू शकत नाही; करूही नये.

परंतु त्याच काळात काही मिशनरी या पोथ्या वाचूही लागले. खंडनासाठी म्हणून असो वा भाषा शिकण्यासाठी म्हणून असो, त्यांनी रामायण-महाभारतातील कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या. अशी मराठी व कोकणी हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आजही आहेत. जे वाईट म्हणून वाचले गेले ते टिकले. जे वाईट म्हणून जाळले गेले ते कायमचे गेले. गोव्याच्या जुन्या गद्याचा अभ्यास करणाऱ्याला आज याच वह्या उघडाव्या लागतात.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक मार्मिक प्रसंग आहे. नवख्रिस्ती लोक पाद्रींना सांगतात की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर मग तशाच धर्तीचे काही आम्हांला वाचायला का देत नाही? हा प्रश्न स्टीफन्स यांनी मनावर घेतला. पोथी हिसकावली की वाचण्याची भूक मरत नाही, हे त्यांनी ओळखले. १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठी पुराणांची आणि ओवीची घडण ज्याने मन लावून अभ्यासली नाही, त्याच्या हातून असा ग्रंथ होणे नाही. १६४९ व १६५४ साली तो पुन्हा छापला गेला. १६८४ साली मात्र व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला, आणि ‘क्रिस्तपुराणा’च्या त्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज ज्ञात नाही, ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. बंदीची सवय लागली की ती आपले-परके पाहत नाही.

असाच धडा महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात मिळाला. रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या भडक कादंबऱ्या आपल्याकडे चवीने वाचल्या जात. हरिभाऊ आपटे यांनी तर ‘मधली स्थिती’ ही आपली पहिली कादंबरी १८८५ साली रेनॉल्ड्सच्याच आधारे लिहिली. पण ते तेथे थांबले नाहीत. १८९० पासून ‘करमणूक’मध्ये त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः येऊ लागली आणि केशवपनाच्या रूढीत होरपळणारी यमू घरोघरी पोहोचली. वाचकाला पुढच्या अंकाची ओढ कशी लावावी, याचे काही धडे तरी त्यांना त्या हलक्या कादंबऱ्यांत मिळाले असावेत. ती ओढ कोठे न्यायची हे मात्र त्यांनी स्वतः ठरविले.

या साऱ्या इतिहासातून मला एवढेच उमगते की वाईट पुस्तक स्वतःहून वेळेचे मोल परत करीत नाही. ते करतो तो वाचक. या पुस्तकाने माझी कोणती भूक भागविली, आणि ते मिटल्यावर मन कसे राहिले, हे दोन प्रश्न जो विचारतो त्याचा वेळ सहसा फुकट जात नाही. जो विचारत नाही, त्याचा चांगल्या ग्रंथावरचा वेळही फुकट जाऊ शकतो. म्हणून आईवडिलांनी मुलाच्या हातातील पुस्तक, किंवा आजच्या काळात मोबाइल, हिसकावण्यापूर्वी थोडा वेळ त्याच्याजवळ बसावे. तो काय वाचतो, काय पाहतो, ते आधी आपणही वाचावे, पाहावे.

स्थानकावरील त्या भेटीनंतर मी ती रहस्यकथा शोधून वाचली. दोन-अडीच तास लागले. भाषा ढिसाळ, योगायोगांचा सुकाळ. पुस्तक खरोखरच सामान्य होते. पण त्यात सर्वांनी चोर ठरविलेला एक गरीब पोरगा शेवटी निर्दोष ठरतो. ते पान वाचताना माझ्या वर्गातील तो मुलगा, सर्वांदेखत मान खाली घालून उभा असलेला, मला दिसला. ते दोन-अडीच तास मी पंचवीस वर्षांपूर्वीच खर्चायला हवे होते.