मेंदूंतील दाहाचा शोध



दाहाचीं चार लक्षणें रोमन ग्रंथकार सेल्सस यानें सुमारें २००० वर्षांपूर्वीं सांगून ठेवलीं: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. बोटास गळूं झालें तर तीं घरांतील आजीबाईंनाहि दिसतात. पण कवटीच्या आंत दाह झाला तर तो पाहावा कोणीं? जिवंतपणीं ताप, झटके व बेशुद्धि एवढेंच वैद्यास दिसतें. मृत्यूनंतर मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवावा, आणि बारीक रक्तवाहिन्यांभोवतीं पांढऱ्या पेशींचें कडें दिसावें, तेव्हां खरी साक्ष मिळते.

या साक्षीची गरज महाराष्ट्रांत सांपडलेल्या एका विषाणूनें फार तीव्रतेनें दाखविली. १९६५ सालीं नागपूरकडे तापाची साथ असतां चांदिपुरा येथील दोन रुग्णांच्या रक्तांत तो मिळाला. पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रांतील भट्ट व रॉड्रिग्ज यांनीं १९६७ मध्यें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें औरंगाबादेकडील वाळूमाश्यांतहि तो आढळला. तरी त्याचें भय फारसें कोणास वाटलें नाहीं.

२००३ च्या जून ते ऑगस्टमध्यें आंध्र प्रदेशांत ३२९ मुलांना मेंदूज्वरासारखा आजार झाला व १८३ दगावलीं. महाराष्ट्रांतहि त्या वर्षीं मुलें गेलीं. हा मेंदूचा दाह, कीं रक्तवाहिनी आकसून मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्याचा परिणाम, असा डॉक्टरांत वाद पडला. पुष्कळ मुलांच्या कण्यांतील पाण्यांत दाहाच्या पेशी वाढलेल्या नव्हत्या; तेव्हां ही शंका मला तरी वावगी वाटत नाहीं. पुण्याच्या शास्त्रज्ञांना एका मृत मुलाच्या मेंदूंत या विषाणूचीं प्रथिनें व जनुकद्रव्य हीं दोन्ही सांपडलीं. विषाणु मेंदूपर्यंत पोंचतो हें त्यावरून ठरलें. परंतु विषाणु असणें निराळें आणि दाह असणें निराळें. शिवाय साक्ष एकाच मुलाची!

अधिक मेंदू कां तपासले गेले नाहींत, असें विचारणें सोपें आहे. सकाळीं अंगणांत खेळलेलें पोर रात्रीं गेलेलें. त्याच्या आईपाशीं शवविच्छेदनाची गोष्ट काढावी कोणीं? जन्मभर मुलांत वावरलेल्या माझ्यासारख्या मास्तराच्या तोंडून तो शब्द निघाला नसता.

२०२४ सालीं गुजरातेंत हाच विषाणु पुन्हां उठला. आतां शरीर न फाडतां, जाड सुईनें मेंदू, यकृत, फुप्फुस यांतील ऊतकाचे लहान तुकडे काढण्याची रीत निघाली आहे. सूक्ष्मदर्शकास तेवढे तुकडे पुष्कळदां पुरतात, आणि मुलाचें शरीर आईबापांच्या हातीं जवळजवळ जसेंच्या तसें परत जातें.