आधी जुनं काढा

परवा भाचा घरी आला होता. मी संगणकापुढे बसून एक जुनं सॉफ्टवेअर काढत होतो, कारण त्याची नवी आवृत्ती टाकायची होती. तो थोडा वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, काढतोयस कशाला? वरून टाक ना नवीन. आपोआप बदलतं." त्याच्या फोनवर खरंच आपोआप बदलतं. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि चहा ठेवायला उठलो. पण नीट सांगायचं राहूनच गेलं, म्हणून हे लिहितोय.

डॉसच्या काळात 'काढणं' हा विषयच नव्हता. बहुतेक प्रोग्रॅम आपापल्या डिरेक्टरीत नांदायचे. ती पुसली की संपलं. विंडोज आलं आणि एकत्र कुटुंब सुरू झालं! १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये प्रोग्रॅम काही फायली स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवायचा, काही विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये, आणि जाता जाता विन.आयएनआय या फायलीत चार ओळी खरडून ठेवायचा. सिस्टिम फोल्डरमधल्या डीएलएल फायली सामायिक, एकच फाईल पाच प्रोग्रॅम वापरणार. नवा प्रोग्रॅम आला की तिच्यावर आपली प्रत टाकायचा, आणि ती प्रत कधी कधी चक्क आधीच्यापेक्षा जुनी असायची. मग कालपर्यंत बरा चालणारा भलताच प्रोग्रॅम आज बंद पडायचा. या प्रकाराला 'डीएलएल हेल' असं नावच पडलं होतं.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं. त्यातलं 'अ‍ॅड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स' बघून मला वाटलं, चला, झाडू मिळाला. पण ती होती नुसती यादी. प्रोग्रॅम येतानाच रजिस्ट्रीत लिहून ठेवणार, की मला काढायचं झालं तर अमुक फाईल चालवा. विंडोज ती चालवणार, बस. म्हणजे जाताना खोली झाडून जा, असं पाहुण्यालाच सांगायचं. आता कोण किती झाडतो हे ज्याच्या त्याच्या संस्कारांवर! सामायिक फाईल किती जण वापरतात याचा आकडाही रजिस्ट्रीत असायचा. तो शून्यावर आला की प्रश्न यायचा, ही फाईल आता कोणी वापरत नाही असं दिसतंय, काढू का? त्याला 'हो' म्हणायला छाती लागायची. मी कायम 'नाही' म्हणत आलो. कचरा साठला, पण मशीन चालू राहिलं.

पुढे १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर विंडोज इन्स्टॉलर आला. कुठली गोष्ट कुठे ठेवली याचं दप्तर आता विंडोज स्वतः सांभाळू लागलं. मोठीच सुधारणा. मात्र ते दप्तर बिघडलं तर पंचाईत. नवी आवृत्ती म्हणे, आधी जुनी काढा. जुनी काढायला जावं तर ती मूळ सीडी मागे. यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टनेच एक क्लीनअप युटिलिटी दिली होती. तिच्यामुळे कधी कधी दुसऱ्याच सॉफ्टवेअरचं नुकसान होतं म्हणून २०१० मध्ये ती मागे घेतली. असो.

भाच्याच्या 'आपोआप'ला खरं उत्तर आहे जावा. तेव्हा ते ८५ कोटींहून अधिक संगणकांवर होतं. अपडेट यायचं, आपण 'ओके' म्हणायचो, आता आपण सुरक्षित असं वाटायचं. प्रत्यक्षात ते अपडेट फक्त लगेचची आधीची आवृत्ती काढायचं. त्याहून जुन्या तशाच पडून. आणि आवृत्ती ६ अपडेट १० च्या आधीच्या तर काढलीच जात नसत. त्या जुन्या आवृत्त्यांमधली भोकं चोरांना पाठ होती. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ओरॅकल कंपनीशी तडजोड केली. जुनं शिल्लक आहे हे ग्राहकाला सांगायचं आणि ते काढायची सोय द्यायची, हे कंपनीला कबूल करावं लागलं. फ्लॅशच्या बाबतीत गोष्ट आणखी पुढे गेली. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने ते बंद केलं, लोकांना काढून टाकायला सांगितलं, आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काही चालणारच नाही अशी व्यवस्था केली.

तर जुनं काढावं, पुरतं काढावं, हे मला पटलेलं आहे. पण माझं मन त्या बटणापाशी अडखळतं त्याचं कारण वेगळं आहे. घरातल्यांना ते ठाऊक आहे.

बाबा निवृत्त झाल्यावर दोन बोटांनी आठवणी टंकायला बसले. कराडचं घर, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, बहात्तरच्या दुष्काळातली खडी फोडायची कामं. युनिकोड तेव्हा आमच्या गावीही नव्हता. मराठीचं एक विकत घेतलेलं सॉफ्टवेअर होतं (नाव घेत नाही), त्याचे स्वतःचे फाँट. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. बाबा २००७ मध्ये गेले. २००९ मध्ये मी त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणली. सूचना होती, आधी जुनी पूर्ण काढा. मी आज्ञाधारकपणे काढली. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्या प्रश्नांना 'हो' म्हणालो. संध्याकाळी बाबांची फाईल उघडली तर पडदाभर इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि उलटी प्रश्नचिन्हं. जुने फाँट सॉफ्टवेअरबरोबर गेले होते, आणि नव्या फाँटची मांडणी वेगळी होती. आई मागे उभी होती. ती काही बोलली नाही.

फाँट सापडला सांगलीला, चुलतभावाच्या बंद पडलेल्या पीसीच्या हार्डडिस्कवर. बाबांनीच त्याला टाकून दिला होता. मग सगळं युनिकोडमध्ये आणायला चार महिने गेले. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार नेमका उलटा. शोधा-बदला, शोधा-बदला, आणि उरलेलं हाताने.

परवा भाच्याने पाहिलं ते हेच. काढायच्या आधी मी विंडोजच्या फाँट्स फोल्डरची प्रत करत होतो.

भूकंपाच्या प्रकरणातली दोन पानं मात्र अजून वाचता आलेली नाहीत. ती दुसऱ्याच फाँटमध्ये आहेत. वर्डमध्ये त्याचं नाव दिसतं, फाईल कोणाकडे नाही. मंडळी, कोणाच्या माळ्यावर २००० च्या आसपासचा संगणक असेल तर भंगारात देण्याआधी मला कळवा. नाव इमेलने पाठवतो.