तालुक्याची बैठक

जुन्नरचे नाव काढले की इतिहासाची पावले आपोआप शिवनेरीकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच गडाच्या पायथ्याशी, आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यात घोडेगावी, आणखी एक इतिहास दप्तरांत बांधून ठेवलेला आहे. त्यात लढाया नाहीत. विहिरीचा गाळ, शाळेची गळकी कौले, वाहून गेलेली मोरी, गुरांची लस, असले त्याचे विषय. पंचायत समिती नावाची संस्था वर्षानुवर्षे हा संसार ओढीत आली आहे. संसाराचा इतिहास कोणी लिहीत नाही, म्हणून तो लिहावासा वाटतो.

या मातीला असल्या कामाची ओळख नवी नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत कोरलेली लेणी पाहा. त्यांतल्या शिलालेखांत राजेरजवाड्यांपेक्षा व्यापारी, कारागीर आणि त्यांच्या श्रेणी यांचीच वर्दळ अधिक. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली, असा एक लेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये पोढी आणि मंडप दिला, असा दुसरा. आणखी एका लेखात करंजाची व वडाची झाडे लावण्यासाठी शेताचे उत्पन्न एका श्रेणीकडे ठेव म्हणून सोपविल्याचा उल्लेख आहे. पाणी, निवारा, झाडे! जवळजवळ दोन हजार वर्षांनंतरही समितीच्या कामांची यादी काढली तर हीच तीन नावे वर येतील. मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. ते दान होते, आणि दानाचा हिशेब मागता येत नाही. हिशेब मागण्याचा अधिकार मिळतो तो कर भरणाऱ्याला.

तो कर इंग्रजी अमलात आला. १८६९ च्या कायद्याने शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून कायम झाला. त्यातला सुमारे एक तृतीयांश शिक्षणाकडे आणि उरलेला रस्ते, धर्मशाळा, विहिरी यांकडे जावा, अशी वाटणी होती. आणा देणारा कुणबी. तो कोठे खर्चावा हे ठरविणारा कलेक्टर. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा आणि त्याचाच पोरगा निरक्षर, हे दुखणे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे परखडपणे मांडले. त्याच वर्षी लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव झाला, आणि १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली. आंबेगाव तेव्हा स्वतंत्र तालुका नव्हता. तो खेड तालुक्याचा पेटा होता. बोर्डात काही सभासद निवडलेले, काही नेमलेले. इनामदारांना वेगळी जागा. आणि सुरुवातीच्या काळात अध्यक्षाच्या खुर्चीवर सरकारी अंमलदार. मताचा हक्क मूठभरांना. तरीही तालुक्याने एका सतरंजीवर बसून आपल्या रस्त्याविषयी बोलावे, ही गोष्ट प्रथमच घडत होती. आमच्याकडे म्हातारी माणसे अजून शाळेला ‘बोर्डाची शाळा’ म्हणत, ती त्या दिवसांची खूण.

ही बैठक फार टिकली नाही. १९३८ च्या दुरुस्तीने तालुका बोर्डे रद्द झाली. राहिले पुण्याचे जिल्हा लोकल बोर्ड. जुन्नरच्या पश्चिमेकडील कोळवाड्यातल्या माणसाला पुणे म्हणजे परमुलूख! चोवीस वर्षे तालुक्याला स्वतःची ओसरी नव्हती.

स्वराज्य आले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास योजना सुरू झाली, ग्रामसेवक खेड्यांत हिंडू लागले. पण योजना सरकारची आणि गाव पाहुणा, अशी तिची गत झाली. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने नेमके हेच सांगितले, की लोकांच्या हाती अधिकार दिल्यावाचून विकास लोकांचा होणार नाही. तिने मुख्य भार टाकला तो गटाच्या, म्हणजे तालुक्याच्या, पंचायत समितीवर. महाराष्ट्रात वसंतराव नाईकांच्या समितीने १९६१ साली अहवाल दिला. तिने वजन जिल्हा परिषदेच्या पारड्यात टाकले. त्यानुसार कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून परिषदा व समित्या कामाला लागल्या. तालुक्याला बैठक परत मिळाली, पण एकत्र कुटुंबातल्या धाकट्या भावासारखी. कामाला सर्वांत पुढे, तिजोरीची किल्ली थोरल्याकडे. समितीला स्वतः कर बसविता येत नाही. सेस वाढवावा अशी विनंती फार तर परिषदेला करता येते.

मग या धाकट्या भावाजवळ आहे तरी काय? महिन्याची सभा आहे. सभेचा पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचा विषयही ठरलेला: आयत्या वेळचे विषय. या दोन टोकांमध्ये सगळा तालुका मावतो. मागच्या महिन्यात जे कबूल केले ते लिहिलेले असते, ते सर्वांसमक्ष वाचले जाते, आणि एखादा सभासद उठून विचारतो, “साहेब, त्या मोरीचं काय झालं?” गटविकास अधिकारी समितीचा सचिव, त्याला उत्तर द्यावे लागते. लोकशाही म्हणून जे काही आपण म्हणतो, त्याचे तालुक्यातले रूप या एका प्रश्नाएवढे आहे.

समितीचे वर्ष कागदोपत्री १ एप्रिलला उजाडते. परंतु खरे वर्ष पावसावर चालते. जूनमध्ये शाळा उघडतात. कोठे शिक्षक कमी, कोठे पोरे. मृगाबरोबर बी-बियाणे, साथीचे रोग, जनावरांचे लसीकरण. ऑक्टोबरपासून पाणीटंचाईचा आराखडा, तोही तीन टप्प्यांत: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. मार्चअखेर खर्चाची धावपळ. आणि पुन्हा एप्रिल.

या आराखड्याचा एक प्रकार परक्या माणसाला उमगणार नाही. सह्याद्रीच्या कुशीतला पश्चिम भाग पावसाने झोडपून निघतो. येथेच कुकडी प्रकल्पाची धरणे आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. त्यांचे पाणी पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, थेट करमाळ्यापर्यंत जाते. त्या शेतकऱ्यांचा मळा हिरवा झाला, याचा आनंदच आहे. पण धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरावर राहणाऱ्या महादेव कोळ्यांच्या वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ग्रामपंचायतीचा ठराव, मग पाहणी, मग मंजुरी, मग टँकर. खाली निळे पाणी दिसते आहे आणि वर बाई हंडा घेऊन उभी आहे, हे चित्र समितीच्या दप्तरात दरसाल नव्या तारखेने उमटते.

ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे नाव कागदावर राहिले, गाव राहिले नाही. पुढे ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले आणि १५१ माणसे गेली. गाव दिसत नाही हे प्रथम ध्यानात आले ते एस.टी.च्या चालकाच्या. रस्त्यावरून रोज जाणारी गाडी ही त्या डोंगराकडे पाहणारी नजर होती. स्थानिक कारभाराचे मोल यावरून कळावे. लांबच्या कचेरीला गाव नकाशावर दिसते. रोज जाणाऱ्याला ते नसल्याचेही दिसते.

२४ एप्रिल १९९३ रोजी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. दर पाच वर्षांनी निवडणूक, स्त्रियांना व अनुसूचित जातिजमातींना राखीव जागा, हे घटनेतच लिहिले गेले. २०११ मध्ये महाराष्ट्राने स्त्रियांचा वाटा निम्मा केला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला विशेष अधिकार दिले. या दोन्ही तालुक्यांचा आदिवासी पट्टा त्यात येतो. ज्या सतरंजीवर एके काळी इनामदार बसत, तिच्यावर हिरडा वेचणारीची लेक सभापती म्हणून बसू शकेल, एवढे अंतर देशाने कापले.

आणि मग २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपली नि निवडणूक झाली नाही. कोर्टात आरक्षणाचे वाद चालले, वर्षांमागून वर्षे गेली. सभापतीचे दालन रिकामे आणि कारभार प्रशासकाच्या हाती. टँकर तेव्हाही आले, पगार झाले, आराखडे वेळेवर झाले. कोणी म्हणेल, मग अडले कोठे? अडले ते येथे, की प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकच झाला. इतिवृत्त होते, पण “त्या मोरीचं काय झालं?” असे विचारण्याचा हक्क घेऊन समोर बसलेला कोणी नव्हता.

१९३८ साली बैठक मोडली तेव्हा निदान कायदा करून मोडली होती. या वेळी कायदा जागेवर होता, घटनेचा शब्द जागेवर होता, आणि तरी सतरंजी गुंडाळलेली राहिली. विशेष म्हणजे त्याची फारशी बोंबही झाली नाही. तालुक्याला आपल्या बैठकीची सवय लागायला शतकाहून अधिक काळ लागला. ती सुटायला मात्र चार-दोन वर्षेही पुरतात. पोढी कोरणाऱ्याने आपले नाव दगडात कोरून ठेवले. आपल्याजवळ दगड नाही, सभेचे इतिवृत्त आहे. आणि ते दर महिन्याला माणसांनी वाचून कायम करावे लागते.