तारेवरून येणारी वेळ

ज्या दिवशीं एखाद्या गांवीं आगगाडी येते, त्या दिवसापासून तेथील सूर्याची सत्ता कमी होऊं लागते. कर्जत व खालापूर या तालुक्यांना हा अनुभव फार लवकर आला. १८५६ सालीं मुंबईकडील लोहमार्ग कल्याण, नेरळ, कर्जत असा खोपोलीपर्यंत येऊन थांबला. १८५८ सालीं पुण्याकडील मार्ग खंडाळ्यापर्यंत तयार झाला. मधला बोरघाट मात्र प्रवाशांना पालखींतून किंवा तट्टावरून चढावा लागे. शेवटीं २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें घाटांतील लोहमार्ग खुला झाला. सुमारें पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढण आणि २५ बोगदे असा तो मार्ग होता.

अशा घाटांत गाड्यांचें येणें-जाणें निर्धास्त चालावयाचें, तर वरच्या व खालच्या स्टेशनांवरील घड्याळें एकमेकांशीं जुळलीं पाहिजेत. सूर्य पाहून तीं जुळणें शक्य नव्हतें. कर्जत मुंबईच्या पूर्वेस अर्धा अंश आहे; म्हणून तेथें मध्यान्ह मुंबईच्या दोन मिनिटें आधीं होतो. मद्रासचा मध्यान्ह तर मुंबईच्या अर्धा तास आधीं आणि कलकत्त्याचा तासाहूनही थोडा अधिक आधीं. तेव्हां वेळ एका ठिकाणीं ठरवून सर्वत्र पोंचविणें भाग पडलें, आणि तें काम विजेच्या तारेकडे आलें. सरकारी तार १८५५ च्या फेब्रुवारीपासून लोकांसाठीं खुली झालेली होती. मद्रास हें मुंबई व कलकत्ता यांच्या मधलें, शिवाय तेथें वेधशाळा. म्हणून १८७० च्या सुमारास आगगाड्यांनीं मद्रासची वेळ स्वीकारली. तेथून रोज दुपारीं चार वाजतां वेळेची खूण तारेनें दूरदूर जाई व तीवरून घड्याळें लावलीं जात.

आतां समजा, घाटाच्या पायथ्याशीं एके दिवशीं ही खूण आलीच नाहीं. अशा वेळीं घड्याळ उघडून बसण्यांत अर्थ नसे. आधीं तार तपासावी लागे. तारेचे मुख्य दोष तीन. तार तुटली, तर प्रवाह अजिबात जात नाहीं. ओल्या फांदीला ती टेकली किंवा खांबावरील चिनी मातीची टोपी फुटली, तर प्रवाह वाटेंतच जमिनींत उतरतो. दोन तारा एकमेकींस लागल्या, तर एकीचा निरोप दुसरींत शिरतो. सह्याद्रीच्या पावसाळ्यांत तिन्हींना भरपूर वाव होता. दोष शोधण्याची रीत मात्र सोपी होती. मधल्या स्टेशनावर दोन तारांचीं टोंकें जोडून घ्यावयाचीं. सोडलेला प्रवाह फिरून परत आला, तर तेथपर्यंतची वाट निर्दोष, आणि दोष त्याच्या पलीकडे. असें टप्प्याटप्प्यानें क्षेत्र आंखडीत आणलें, कीं माणसाला सर्व घाट पालथा घालावा लागत नसे.

पण या तपासणीनें न सांपडणारा असाही एक बिघाड होता. तार अखंड, घड्याळही बिनचूक, आणि तरी प्रवाशाची गाडी चुके! कारण स्टेशनावर मद्रासची वेळ, तर मुंबई शहरांत मुंबईची. मुंबईच्या नऊ वाजतां घरून निघणाऱ्याला स्टेशनावर साडेनऊ वाजलेले दिसत. १८८१ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारनें मुंबईंतही मद्रासची वेळ लागू केली. लोकांच्या विरोधामुळें १८८३ सालीं हुकूम मागें घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपांच तास पुढें असणारी प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईची स्वतंत्र वेळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तग धरून राहिली. आपली वेळ कोणी ठरवावयाची, हा प्रश्न तारखात्याच्या हत्यारांनीं सुटण्यासारखा नव्हता. तेथें दोन्ही पक्षांची संमतिच हवी होती.

सार्वजनिक तारसेवा जुलै १९१३ नव्हे, जुलै २०१३ मध्यें बंद झाली. तिची तपासणीची रीत मात्र आजही उपयोगी पडते. संगणक व घड्याळ यांना जोडणाऱ्या केबलींत एकामागून एक येणारे विद्युत्स्पंद वेळ सांगतात. घड्याळ उत्तर देत नसेल, तर जाणता माणूस केबलच्या दूरच्या टोंकाशीं पाठविणारी व घेणारी तार एकत्र जोडतो. आपणच पाठविलेलीं अक्षरें परत आलीं, तर केबल शाबूत आहे. तरीही बोलणें जुळत नसेल, तर दोन्ही बाजूंचा वेग एकच ठरला आहे काय, हें तो पाहतो. एक सेकंदाला ९६०० स्पंदांनीं बोलत असेल व दुसरा निम्म्याच वेगानें ऐकत असेल, तर तार अखंड असूनही निरर्थक अक्षरेंच उमटतात.

आज कर्जतच्या स्टेशनावर मुंबईचें, पुण्याचें आणि चेन्नईचें घड्याळ एकच वेळ दाखवितें. त्यामागें तारा ओढणाऱ्यांचे जितके श्रम आहेत, तितकाच एका वेळेवर एकमत होण्यास लागलेला दीर्घ काळही आहे.