लोह संपलं की समुद्रातले जीवाणू कोणते जीन ‘ऑन’ करतात?

फोनची बॅटरी संपत आली की बॅटरी सेव्हर चालू होतो. फोन तोच, पण काही कामं थांबतात, काही वेगळ्या पद्धतीने होतात. समुद्रातले जीवाणूही असंच काहीसं करतात. फक्त त्यांच्याकडे टंचाई असते लोहाची.

टंचाई का?
श्वसनाच्या एन्झाइम्सना लोह लागतंच. पण ऑक्सिजन असलेल्या पाण्यात लोह गंजतं, नीट विरघळत नाही आणि हळूहळू तळाशी बसतं. खुल्या समुद्राच्या वरच्या थरात बऱ्याच ठिकाणी लिटरभर पाण्यात ५० नॅनोग्रॅमसुद्धा विरघळलेलं लोह नसतं.

स्विच कसा चालतो?
अनेक जीवाणूंमध्ये हे काम ‘फर’ नावाचं प्रथिन करतं. साधं इफ-एल्स समजा:

- पेशीत लोह पुरेसं असेल, तर ते फरला चिकटतं. मग फर डीएनएवरच्या ठरावीक जागी बसतं आणि लोह गोळा करणारे जीन बंद राहतात.
- लोह कमी झालं, तर फर डीएनएवरून सुटतं आणि ते जीन चालू होतात.

मग जीवाणू ‘सिडेरोफोर’ नावाचे रेणू बाहेर सोडतात. हे रेणू पाण्यातलं लोह पकडतात आणि जीवाणू ते लोहासकट आत ओढून घेतो. नील-हरित जीवाणू तर लोहवाल्या फेरेडॉक्सिनऐवजी बिनलोहाचं फ्लॅव्होडॉक्सिन वापरू लागतात. हाच त्यांचा बॅटरी सेव्हर!

मग जीन कायम चालूच का ठेवत नाहीत?
सिडेरोफोर बनवायला ऊर्जा लागते. शिवाय पेशीत मोकळं लोह जास्त झालं, तर त्यातून डीएनएची मोडतोड करणारे रेणू तयार होतात.

गोव्याचा संबंध काय?
समुद्रात लोह टाकलं तर शैवाल वाढेल, कार्बन डायऑक्साइड शोषेल आणि तो कार्बन खोल तळाशी जाईल का? हे तपासायला २००९ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘लोहाफेक्स’ प्रयोग केला. पर्यावरणवाद्यांच्या विरोधामुळे जर्मनीने तो काही दिवस रोखलाही होता. शेवटी दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटर भागात फेरस सल्फेट सोडलं. शैवाल वाढलं, पण तिथे सिलिका कमी असल्याने कवचवाले डायटम फारसे वाढले नाहीत. बाकीचं बरंचसं शैवाल प्राणिप्लवकांनी खाल्लं. खोल तळाकडे कार्बन फारच थोडा गेला.

थोडक्यात: एका पेशीत लोहाचा स्विच चोख चालतो. अख्ख्या समुद्रात मात्र लोह ही अनेक अटींपैकी एकच अट आहे. त्यामुळे ‘लोह टाका, हवामान सुधारा’ असा फॉरवर्ड आला, तर पुढे ढकलण्याआधी लोहाफेक्स आठवा.